तुला काय, तुला काहीही चालतं

"जास्त चांगलं वागलं की लोक किंमत देत नाहीत." उगवत्या सूर्याच्या नाहीतर एकट्या सिंहाच्या फोटोवर हे वाक्य आत्तापर्यंत प्रत्येकाच्या स्टेटसला येऊन गेलंय. गंमत म्हणजे ते टाकणारा प्रत्येक जण स्वतःला त्यातला चांगलाच समजतो, "हो बाबा, किंमत न देणारा तो मीच" असं म्हणून टाकलेलं मी तरी अजून पाहिलं नाहीये. मग एवढी सगळी चांगली माणसं एकमेकांची किंमत ठेवत नाहीत ती कशी, हा प्रश्न पडतो, पण ते जाऊ दे.

मला ते वाक्य निम्मं पटतं. किंमत कमी होते हे खरंय, आजूबाजूला रोज बघते. पण ती चांगुलपणामुळे कमी होते हे काही पटत नाही. माझ्या ओळखीत अशी माणसं आहेत जी कुणाच्याही अडीअडचणीला रात्री-अपरात्री धावून जातात आणि तरी त्यांच्याशी बोलताना समोरचा आपोआप सरळ बसतो. आणि अशीही आहेत जी तेवढीच धावतात, किंबहुना जास्तच, आणि त्यांना कुणी हिंग लावून विचारत नाही. दोघांच्या धावण्यात काही फरक नाहीये. पहिला माणूस "नाही" म्हणू शकतो हे त्याला माहितीये आणि आपल्यालाही माहितीये, म्हणून तो हो म्हणाला की बरं वाटतं, आपल्यासाठी त्याने काहीतरी बाजूला ठेवलं असं वाटतं. दुसऱ्याचं हो विचारायच्या आधीच धरलेलं असतं, आणि जे धरलेलंच आहे त्याचे आभार कोण मानत बसतो?

आमच्या ऑफिसमध्ये एक जण आहे, स्वभावाने अतिशय गोड. त्याला काहीही दाखवा, प्रेझेंटेशन दाखवा, मेलचा ड्राफ्ट दाखवा, तो सुरुवातीपासून शेवटपर्यंत मान डोलावत बघणार आणि म्हणणार, "एकदम मस्त झालंय, काहीच बदलू नको." आधी आधी छान वाटायचं सगळ्यांना. मग एकदा टीममधल्या एका मुलीच्या प्रेझेंटेशनमध्ये चौथ्या स्लाइडवर मागच्या वर्षीचे आकडे तसेच राहिले, क्लायंटने भर मीटिंगमध्ये ते काढलं, आणि नंतर बोलता बोलता कळलं की ह्याला ते आदल्या दिवशीच दिसलं होतं. दिसलं होतं! "अगं तू इतकी खूश होतीस ना, म्हटलं कशाला उगीच मूड घालवा." त्या दिवसापासून त्याला कुणी काही दाखवेनासं झालं. भांडण नाही, अबोला नाही, सकाळी सगळे हसून बोलतात त्याच्याशी, फक्त कागद घेऊन त्याच्या डेस्कवरून सरळ पुढे जातात आणि त्या कोपऱ्यातल्या मॅडमपाशी थांबतात, ज्या पहिलंच पान बघून "हे काय करून आणलंयस" म्हणतात. मॅडम भयंकर फटकळ आहेत, लोक टरकून असतात त्यांना, पण त्यांच्या तोंडून नुसतं "ठीके" निघालं तरी ती मुलगी दिवसभर तरंगत असते. ह्याच्या "एकदम मस्त"ने आता तिचं काहीच होत नाही.

लोक सहसा समजतात की अति गोड माणसाचा अपमान होतो, त्याला कुणीतरी टाकून बोलतं वगैरे. तसं क्वचितच होतं. त्याला वगळलं जातं, तेही इतकं हळूहळू की त्याला स्वतःला कळायला वर्ष जातं. कुठे जायचं हे ठरताना त्याला विचारत नाहीत ("तुला काय, तुला काहीही चालतं"), वेळ बदलली तर त्याला शेवटी कळवतात, कुणाला तरी मागची सीट घ्यायचीये तर नजर आपोआप त्याच्याकडे जाते. मानसशास्त्रात सुझन फिस्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं २००२ सालचं काम प्रसिद्ध आहे, त्यात त्यांनी दाखवलं की आपण माणसं, खरं तर माणसांचे गट, जोखताना दोन वेगळी मापं लावतो, एक म्हणजे हा आपल्या भल्याचा आहे का आणि दुसरं म्हणजे ह्याच्यात काही दम आहे का, आणि जिथे भलेपणाला भरपूर मार्क आणि दमाला कमी तिथे मनात जी भावना येते ती आदराची नसते, कीव असते. "बिचारा खूप चांगला आहे हो." ह्यातला तो "बिचारा" कुठून येतो ते आता लक्षात येईल. आवडणं आणि मान देणं ह्या दोन गोष्टी आपण एकच धरून चालतो आणि अति गोड माणूस तर पहिली मिळाली की दुसरी मागोमाग येईल म्हणून आयुष्यभर वाट बघत बसतो.

आता जरा कडू बोलते. ही अति गोड माणसं नेहमी चांगलीच असतात असं नाही, बऱ्याचदा नुसती घाबरलेली असतात. समोरच्याच्या कपाळावर एक आठी आली की ह्यांच्या पोटात गोळा. मग ते हो म्हणतात ते समोरच्याचं काम व्हावं म्हणून म्हणत नाहीत, ती आठी जावी म्हणून म्हणतात. त्या चौथ्या स्लाइडचंच बघा, आकडे चुकलेत हे सांगण्यात त्या मुलीचं भलं होतं, गप्प बसण्यात फक्त ह्याचं. भीड ही भिकेची बहीण असं उगीच नाही म्हणत आपल्याकडे. आणि समोरच्याला हे कळतं बरं का. शब्दांत सांगता येणार नाही त्याला, पण ह्याला माझी भीती वाटते, ह्याला थोडं ढकललं तरी चालतं, हे माणसाला फार लवकर कळतं, लहान मुलांना तर सगळ्यात आधी.

ढकलून बघण्यावरून एक फार आवडता किस्सा आहे माझा. मिशिगन विद्यापीठातले रॉबर्ट ॲक्सेलरॉड ह्यांनी १९८० च्या आसपास कम्प्युटर प्रोग्रॅमची एक स्पर्धा भरवली होती. दोन प्रोग्रॅम समोरासमोर, प्रत्येक फेरीत दोघांनी एकाच वेळी ठरवायचं की सहकार्य करायचं का दगा द्यायचा. दोघांनी सहकार्य केलं तर दोघांना बऱ्यापैकी गुण, एकाने दगा दिला तर त्याची चांदी आणि दुसऱ्याच्या हाती भोपळा, दोघांनी दगा दिला तर दोघांची बोंब. आणि हे एकदा नाही, त्याच जोडीदाराबरोबर परत परत, म्हणजे अगदी नोकरी-संसारासारखं. पहिल्या वेळेला १४ जणांनी प्रोग्रॅम पाठवले, कुणी प्रचंड डोकं चालवून, आणि जिंकला तो अनातोल रॅपोपोर्ट ह्यांचा सगळ्यात छोटा, टिट फॉर टॅट नावाचा. त्याचं वागणं एवढंच की पहिल्यांदा सहकार्य करायचं आणि नंतर समोरच्याने मागच्या फेरीत जे केलं तेच परत करायचं. ॲक्सेलरॉडनी निकाल जाहीर केला, परत स्पर्धा भरवली, ह्या वेळी ६२ जण आले, सगळ्यांना जिंकणारा कसा खेळतो हे माहिती होतं, आणि परत तोच जिंकला.

ही गोष्ट बऱ्याच जणांनी ऐकलेली असते आणि "जशास तसे" एवढंच घेऊन ते घरी जातात. पण त्यातल्या मला आवडणाऱ्या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पहिल्या स्पर्धेत वरचे आठही प्रोग्रॅम असे होते जे आपणहून आधी कधीच दगा देत नाहीत, म्हणजे चांगले होते, सिंहाच्या फोटोवाल्यांनी हे जरा वाचावं. आणि दुसऱ्या स्पर्धेत टेस्टर नावाचा एक प्रोग्रॅम आला होता. हा पहिल्याच फेरीत दगा द्यायचा, नुसतं बघायला. समोरच्याने उलट फटका दिला की हा लगेच नरम पडायचा, सहकार्य करून एक प्रकारे माफीच मागायचा आणि मग शेवटपर्यंत शहाण्यासारखा वागायचा. पण समोरून काहीच आलं नाही तर ओळखायचा की इथे मऊ लागतंय, मग कोपराने खणायला सुरुवात, थोडं सहकार्य, मग एकाआड एक दगा. एकूण स्पर्धेत हा टेस्टर बराच मागे राहिला, पण त्याचं वागणं वाचताना मला निदान तीन-चार माणसं डोळ्यासमोर आली आणि वाचणाऱ्यांनाही येतील. त्यांची पहिली ढकल नेहमी छोटी असते. पाच मिनिटांत होईल असं सांगून दिलेलं काम, चारचौघांत केलेली एक चेष्टा, आणि मग ते तुमच्या तोंडाकडे बघतात. तेव्हा तुम्ही हसलात तर पुढची ढकल मोठी येणार.

पण सगळेच लोक टेस्टर नसतात हेही सांगितलं पाहिजे, नाहीतर माणूस प्रत्येकाकडे संशयाने बघायला लागतो. फ्रान्सिस फ्लिन आणि व्हनेसा लेक ह्यांनी २००८ साली काही प्रयोग छापले होते, अनोळखी लोकांकडे जाऊन छोटी मदत मागायची, किती जण हो म्हणतील ते आधी सांगायचं. मागणाऱ्यांचा अंदाज दर वेळी फार कमी निघाला, प्रत्यक्षात कितीतरी जास्त लोक हो म्हणाले. कारण असं की तोंडावर नाही म्हणणं समोरच्याला किती जड जातं हे मागणाऱ्याच्या डोक्यातच येत नाही. म्हणजे बघा, मागणारा खरंच निवांत असतो, त्याच्या मते त्याने सहज विचारलं आणि तुम्ही खुशीने केलंत. तुमची रात्र त्यात गेली हे त्याला कुणी सांगितलंच नाही. तुम्ही तर हसत "अरे त्यात काय" म्हणालात.

हे हसत म्हणणंच पुढे महागात पडतं. एका मैत्रिणीने ओळखीतल्या बाईंना पैसे दिले होते, बाईंनी दोन महिन्यांत देते म्हणून सांगितलेलं, त्याला वर्ष होत आलं. मैत्रीण त्यांना मेसेज करणार होती आणि पाठवायच्या आधी मला दाखवला. "ताई, डिस्टर्ब करतेय सॉरी हं, अजिबात घाई नाहीये, तुम्हाला जमलं तरच, म्हणजे नाही जमलं तरी काही हरकत नाही, ते पैशांचं जरा बघाल का, सॉरी हं परत एकदा, आणि बाकी कशा आहात?" खाली हात जोडलेला इमोजी आणि गुलाब. स्वतःचे पैसे परत मागताना दोन सॉरी आणि एक गुलाब! आणि "नाही जमलं तरी काही हरकत नाही" हे वाचून बाईंनी जर खरंच काही हरकत नाही असं समजून फोन बाजूला ठेवला तर बाईंना तरी कसा दोष द्यायचा? मी म्हटलं एवढंच लिही, ताई, ते पैसे ह्या महिन्याअखेर लागणार आहेत, कधी पाठवताय ते कळवा. तर म्हणे किती उद्धट वाटेल ते. त्यात उद्धट काय आहे ते मी अजून शोधतेय.

आणि ही माणसं हिशोब ठेवत नाहीत असं वाटतं ना, साफ चूक. त्यांच्याइतका चोख हिशोब कुणाकडे नसतो. फक्त वही दाखवत नाहीत. कोणासाठी काय केलं, कोण आभार न मानता गेला, कोणी आजारपणात फोन केला नाही, सगळं तारीखवार. मग एक दिवस एवढ्याशा गोष्टीवरून, कुणीतरी खुर्ची हलवली म्हणून किंवा चार्जर न विचारता घेतला म्हणून, सगळी वही एकदम बाहेर येते, समोरचा भांबावून बघत राहतो की चार्जरवरून एवढं? आणि त्याला वाटतं हा माणूस विचित्र आहे. म्हणजे जी थोडीफार किंमत उरलेली होती ती त्या स्फोटात जाते. हे मला सगळ्यात वाईट वाटतं ह्यात, कारण त्या स्फोटातली एकेक तक्रार खरी असते, पण वेळ निघून गेलेली असते, चार्जर घेणाऱ्याला पाच वर्षांची फी का भरायला लावायची.

अजून एक बाजू आहे, ती कमी बोलली जाते. कधीकधी माणूस खरंच निःस्वार्थी असतो, भीती नाही, वही नाही, काही नाही, आणि तरीही लोकांना तो नकोसा होतो. क्रेग पार्क्स आणि असाको स्टोन ह्यांचा २०१० सालचा अभ्यास आहे, गटाने मिळून एक सामायिक साठा वापरायचा, त्यात एक जण भरपूर टाकतो आणि स्वतः अगदी थोडं घेतो. गटातल्या लोकांना विचारलं की ह्यांच्यातल्या कुणाबरोबर पुढेही राहायला आवडेल, तर त्या उदार माणसाला काढून टाका म्हणणारे बरेच निघाले. कारण काय, तर त्याच्यामुळे आम्ही वाईट दिसतो, आणि असं कुणी वागतं का! आता ह्यावर त्या माणसाने काय करावं? काहीच नाही. तो लोकांचा प्रॉब्लेम आहे. सगळ्याच अनादराचं खापर आपल्या स्वभावावर फोडायची गरज नसते हे सांगायला हा अभ्यास बरा.

आणि बायकांचं तर काय, तिथे ही सगळी गणितंच वेगळी आहेत. लिंडा बॅबकॉक, लिसे वेस्टरलंड आणि त्यांच्या दोन सहकारी, २०१७ सालचा पेपर. तीन जणांचा गट, प्रत्येक जण आपापल्या कम्प्युटरसमोर, दोन मिनिटं वेळ, कुणीतरी एकाने बटण दाबायचं. ज्याने दाबलं त्याला सव्वा डॉलर, बाकी दोघांना दोन-दोन डॉलर. कुणीच नाही दाबलं तर तिघांनाही एकेक. म्हणजे कुणीतरी दाबावं हे सगळ्यांच्या सोयीचं, फक्त ते आपण नसावं. ऑफिसमध्ये मीटिंगचे मिनिट्स कोण लिहिणार, फेअरवेलचं गिफ्ट कोण आणणार, नवीन मुलाला सिस्टीम कोण समजावणार, तंतोतंत तेच. सेकंद जात राहतात, सगळे स्क्रीनकडे बघतात, आणि शेवटच्या काही सेकंदांत कुणाचा तरी धीर सुटतो. बायका-पुरुषांच्या मिश्र गटात बायकांनी बटण दाबायचं प्रमाण पुरुषांपेक्षा ४८ टक्क्यांनी जास्त निघालं. इथपर्यंत वाचून कुणी म्हणेल की बायका मुळातच मायाळू. पण मग त्यांनी नुसत्या बायकांचे आणि नुसत्या पुरुषांचे गट केले, तेव्हा हा फरक गायब. नुसते पुरुष असले की पुरुष मुकाट्याने बटण दाबतात की! म्हणजे स्वभाव वगैरे काही नाही, खोलीत बाई आहे म्हटल्यावर ती करेल हे सगळ्यांनी धरलेलं असतं, तिनेसुद्धा. त्याच संशोधनात एकाला सांगितलं की तू कुणा एकाला हे काम करायला सांग, तर बायकांना सांगण्याचं प्रमाण ४४ टक्क्यांनी जास्त, आणि सांगणाऱ्या बायकाही त्यात आल्या बरं का.

म्हणून कुणी बाईला "तू नाही म्हणायला शिक" असं सांगतं तेव्हा मला थोडा राग येतो. मॅडेलिन हाइलमन आणि ज्युली चेन ह्यांच्या २००५ च्या अभ्यासात सहकाऱ्याला अडचणीत मदत करणाऱ्या पुरुषाचं मूल्यमापन वर गेलं, तेच बाईने केलं तर काही फरक नाही कारण ते तर तिने करायचंच असतं, आणि न करणाऱ्या बाईचं मात्र खाली आलं, पुरुषाचं नाही. तिला हो म्हणून काही मिळत नाही आणि नाही म्हणून जातं. अशा वेळी एकटीने नाही म्हणण्यापेक्षा मिनिट्सची पाळी लावा म्हणणं जास्त कामाचं, यादी करायची, आडनावानुसार फिरवायची, संपला विषय. एका टीममध्ये असं केलेलं मी पाहिलंय, पहिल्या महिन्यात दोन जण मिनिट्स लिहायला "विसरले", मॅनेजरने त्यांनाच परत बसवून लिहून घेतले, मग कुणी विसरलं नाही.

नाही म्हणायचं कसं, हे मात्र बघून शिकावं लागतं, वाचून नाही येत. आमचे एक सीनियर सर आहेत, अत्यंत मऊ आवाजाचे, त्यांना चढ्या आवाजात बोलताना मी कधी ऐकलं नाही. त्यांच्याकडे कुणी काम घेऊन आलं की ते पूर्ण ऐकून घेतात, मध्ये तोंड घालत नाहीत, मग कॅलेंडर उघडतात, बघतात, आणि म्हणतात, "ह्या आठवड्यात मला नाही जमणार. पुढच्या बुधवारी चालणार असेल तर सांग." आणि गप्प बसतात. खरी कमाल त्या गप्प बसण्यात आहे. आपण असतो तर त्या शांततेत घरचं लग्न, पाठदुखी, नेटवर्क, सगळी कारणं ओतली असती, आणि प्रत्येक कारणावर समोरच्याने एक तोडगा काढला असता. सर कारणच देत नाहीत, त्यामुळे घासाघीस कशावर करणार? समोरचा दोन क्षण घुटमळतो आणि म्हणतो, बरं सर, बुधवारी चालेल. आणि बुधवारी सर स्वतः त्याच्या डेस्कपाशी जातात, हे महत्त्वाचं. त्यांना कुणी खडूस म्हणत नाही. मागेही नाही, मी ऐकलं असतं.

अति गोड माणूस बदलायचा प्रयत्न करतो तेव्हा बहुतेकदा थेट दुसऱ्या टोकाला जाऊन पडतो, इतकी वर्षं साठलेलं असतं ना, पहिलाच नकार असा काही देतो की समोरचा हबकतो. मग गिल्ट येतं, मग परत डबल गोड. त्यापेक्षा जिथे काहीच बिघडणार नाही तिथून सुरू करावं. सिनेमा कुठला बघायचा विचारलं तर "काहीही चालेल" न म्हणता एक नाव घ्यावं. ड्राफ्ट दाखवला कुणी तर एक तरी गोष्ट काढून सांगावी. "बदललीस हं तू" असं ऐकायला मिळेल दोन-चार जणांकडून, ते कोण म्हणतंय तेवढं नोंदवून ठेवावं.

बॉसच्या बाबतीत मात्र हे सगळं शहाणपण मी कुणाला सांगणार नाही. ज्याचं इन्क्रीमेंट, रजा, कधीकधी नोकरीच एका माणसाच्या सहीवर लटकलेली आहे त्याला "बाउंड्री सेट कर" सांगणाऱ्यांचं स्वतःचं बहुतेक वेळा काही पणाला लागलेलं नसतं. तिथे लोक गोड वागतात ते स्वभावाने नाही, हप्ते असतात म्हणून. त्याने आधी गुपचूप सीव्ही अपडेट करावा, चार ठिकाणी इंटरव्ह्यू द्यावेत, एखादी ऑफर हातात पडू द्यावी, आणि मग ज्या दिवशी बॉस शुक्रवारी संध्याकाळी सहा वाजता "पाच मिनिटांचं काम आहे" म्हणत येईल त्या दिवशी सरांसारखं कॅलेंडर उघडून बघावं.